पाठमोरी

ती बाई गेली एकवीस वर्षं मोहन अंकलच्या दुकानात शिरते आहे. एक पाय पायरीवर, दुसरा अजून रस्त्यावर. गुलाबी सॅटिनच्या साडीचा घोळ तिने डाव्या हाताने जरासा उचलून धरलाय. चेहरा आत वळलेला, म्हणून आपल्याला दिसते ती फक्त तिची पाठ आणि डोक्यावरून घेतलेला पदर. बर दुबईत मीना बाजारच्या मागच्या गल्लीत, कापडाच्या दुकानावर लावलेला हा रंगवलेला पत्रा म्हणजे माझ्या पपांचा शेवटचा बोर्ड. त्यांच्या हातचे बाकी सगळे बोर्ड केव्हाच गेले. हा एवढाच उरलाय.

आता गुलाबी रंगाला भेगा पडल्यात आणि साडीच्या चुण्यांमधून खालचा पत्रा दिसतो. मोहन अंकलच्या मुलाने दिव्यांचा नवा बोर्ड करून आणलाय. तो महिनाभर दुकानात भिंतीला टेकून उभा आहे. अंकलनी मुलाला सांगितलं होतं, पेंटरची मुलगी आहे इथेच, तिला बोलावतो, ती नीट करून देईल, मग बघू. कुणाकडून तरी माझा नंबर मिळवून त्यांनी मला फोन केला. मी महिन्याची मुदत मागितली. महिना आज संपला.

मी इतक्या वर्षांत या गल्लीत पाऊल टाकलं नव्हतं. ऊद मेथाहून इथे यायला गाडीने दहा मिनिटं लागतात, पण मी कापड दुसरीकडून घेते, देवळाकडच्या गल्लीत फुलं घ्यायला जाणाऱ्या मैत्रिणींना काहीतरी सबब सांगते. आज बरोबर माझी मुलगी रिया आहे. सतरा वर्षांची. गाडी लावताना तिने विचारलं, "मम्मा, कॅन यू फिक्स इट ऑर नॉट?"

"नाही गं."

"देन जस्ट टेल हिम. व्हॉट्स द बिग डील?"

तिला खरं बोलणं अजून सोपं वाटतं. मी म्हटलं, आधी जरा खाडीपाशी जाऊन येऊ. ती मोबाइल काढून बाकावर बसली. खाडी ओलांडणाऱ्या अब्रा, म्हणजे लाकडी होड्या, धक्क्याला लागत होत्या, सुटत होत्या. त्यांच्या इंजिनाचा धूर नाकात गेला आणि त्यात कुठूनतरी टर्पेंटाइनचा वास मिसळलाय असं मला वाटलं. कुणी होडी रंगवत असेल. नसेलही. पण मग मला तिथून लगेच उठता आलं नाही.

अल क्वोजमध्ये एका मोठ्या शेडचा एक कोपरा पपांकडे होता. एका बाजूला लोखंडी दरवाजे वेल्ड करणारे, दुसऱ्या बाजूला गाद्या शिवणारे. तेव्हा सुट्टी शुक्रवारची असायची. सकाळी लवकर चर्च उरकायचं, आई घरी परतायची आणि मी चर्चच्या फ्रॉकवर पपांचा जुना शर्ट उलटा घालून त्यांच्याबरोबर शेडवर. तापलेल्या पत्र्याचा वास, अळशीच्या तेलाचा, इनॅमलचा, आणि गादीवाल्यांकडून उडत येणाऱ्या कापसाची ती बारीक धूळ. ती ओल्या अक्षरांवर बसू नये म्हणून पपा आमच्या कोपऱ्याला आईच्या जुन्या साडीचा पडदा लावायचे. त्या पडद्याच्या आत आम्ही दोघं. पंखा लावायचा नाही, रंगावर सुरकुत्या येतात. घामाच्या धारा लागायच्या, आणि पपा चर्चमधलंच एखादं गाणं नाकातल्या नाकात गुणगुणत राहायचे.

कामाची सुरुवात सूत मारण्याने व्हायची. दोरीला निळी पूड चोळायची, एक टोक त्यांनी धरायचं, दुसरं मी, आणि ताणलेली दोरी मधोमध उचलून सोडली की पत्र्यावर सरळ निळी रेघ उठायची. "ढिली नको सोडू, बाय," ते म्हणायचे. आमच्या वसईकडे मुलीला बाय म्हणतात. माझं खरं नाव त्यांनी माझ्या बाप्तिस्म्यानंतर फारसं वापरलं असेल असं वाटत नाही.

अक्षरं त्यांची. इंग्रजी, हिंदी, मल्याळम, काय म्हणाल ते. अरबी मात्र त्यांना वाचता येत नव्हती. गिऱ्हाईक कागदावर लिहून आणायचं आणि पपा ती अक्षरं चित्रासारखी उतरवायचे, उजवीकडून डावीकडे, वाऱ्यावर हलणाऱ्या वेलीसारखी झोकदार. एकदा एका बेकरीचा बोर्ड त्यांनी असाच केला. बेकरीला अरबीत मखबज म्हणतात. शेवटच्या अक्षरावरचं टिंब पपांकडून राहिलं आणि मखबजचा झाला मुखबिर. म्हणजे खबऱ्या. चार दिवस त्या बेकरीवर तसाच बोर्ड होता. गिऱ्हाइकं येऊन विचारायची, आज ताजी काय खबर? बेकरीवाला हसत होता की रडत होता कुणास ठाऊक, पण पपा घरी येऊन जेवले नाहीत. शाळेत आम्हाला अरबी सक्तीची होती. दुसऱ्या शुक्रवारी त्यांनी माझ्या हातात बारीक ब्रश दिला आणि म्हणाले, "अक्षरं मी काढीन. टिंबं तू द्यायची. तुझ्या सहीशिवाय बोर्ड बाहेर जाणार नाही."

मी तेव्हा नऊ वर्षांची होते. त्यानंतर तेरा वर्षं दुबईत माझ्या टिंबांचे बोर्ड लागले. लाँड्र्या, सलून, मोटारींचे टायर, खजुराची दुकानं. शाळेच्या बसमधून मी मोजत जायचे.

आमच्या कोपऱ्यात भिंतीला एक कॅलेंडर होतं. चित्रांच्या चौकटी विकणाऱ्या एका फ्रेंच बाईने ते दिलेलं. तिच्या दुकानाचा बोर्ड पपांनी केला होता. त्यांच्याकडे ती नुसती मादाम होती. कॅलेंडरमधली बाराही चित्रं एकाच चित्रकाराची, अठराव्या शतकाच्या सुरुवातीच्या कुणा फ्रेंच माणसाची. त्याचं नाव पपांच्या जिभेला कधी वळलं नाही. ते त्याला 'आमचा फ्रेंच' म्हणायचे. मादाम रंग सुकेपर्यंत खुर्चीवर बसून त्याच्याबद्दल इंग्रजीत सांगायची, पपा अर्धं समजून घ्यायचे, आणि शुक्रवारी सूत मारता मारता मला मराठीत सांगायचे, तेव्हा तो फ्रेंच वसईच्या बाजूच्याच कुठल्यातरी आळीतला वाटायचा.

तो घरं शाकारणाऱ्याचा मुलगा. हे पपांना भलतंच आवडलेलं, कारण माझे आजोबाही पावसाळ्याआधी लोकांची कौलं चाळायचे. घरात भांडून तो पॅरिसला पळाला, तर तिथे काम मिळालं ते एका दुकानात संतांची चित्रं नकलायचं. एकच संत, डझनांनी. एकाने आभाळ काढायचं, दुसऱ्याने डोकं, तिसऱ्याने कपडे, आणि वर दुपारी सूप. पुढे पुढे तर याला मूळ चित्र समोर लागेनासंच झालं, डोळे मिटून काढायचा. "मी तरी काय केलं?" पपा म्हणायचे. लग्नाआधी त्यांनी वसईत गावोगावच्या क्रुसांपाशी आणि होड्यांवर संत अंतोनी काढले होते. किती, ते त्यांनाही सांगता येत नव्हतं. बाळ येशू हातात घेतलेला संत अंतोनी ते ब्रश न उचलता काढायचे.

कॅलेंडर संपलं तरी उतरलं नाही. आम्ही महिना उलटायचो तो तारखेसाठी नाही, चित्रासाठी. एकात पांढरा सैल झगा घातलेला एक विदूषक नुसता समोर उभा होता, हात दोन्ही बाजूंना लोंबकळते, बघणाऱ्याकडे बघत. त्याला पपा 'व्हिसावाला' म्हणायचे. काउंटरपुढे नंबर आलाय आणि साहेब म्हणतोय उद्या या, त्याच्या तोंडावर अगदी तसाच भाव होता. दुसऱ्या एका चित्रात बेटावर नटूनथटून जमलेली माणसं होती, जोडीजोडीने, खाली पाण्यात होडी. मी विचारायचे, ती येतायत की चाललीत? पपा म्हणायचे, मादामच्या देशात मोठमोठ्या पंडितांना ते ठरवता आलेलं नाही. मग म्हणायचे, "चाललीत. ती बाई मागे वळून बघत्ये ना." वसईहून परत निघताना आई फाटकापाशी तशीच वळायची, ते आम्हा दोघांना आठवायचं.

आणि डिसेंबरच्या पानावर होतं ते दुकान. फ्रेंचला छातीचा आजार. उपचाराला परदेशी जाऊन आला, गुण आला नाही. परतल्यावर त्याचा एक मित्र होता, चित्रं विकणारा, त्याच्याकडे हा राहिला, आणि आपणहून म्हणाला, तुझ्या दुकानाला पाटी करून देतो, बोटं आखडलीत ती जरा मोकळी होतील. दम लागायचा म्हणून फक्त सकाळी काम करायचा. आठ सकाळींत पाटी तयार. इथे पपांचा आवाज चढायचा. "पाटी! एवढा मोठा माणूस, राजेलोक ज्याची चित्रं घेतात, त्याने सगळ्यात चांगलं काम कशावर केलं? दुकानाच्या बोर्डावर." चित्रात त्या मित्राचंच दुकान होतं. भिंतींवर चित्रंच चित्रं, डावीकडे कुणी नोकर राजाची तसबीर खोक्यात बंद करतायत, आणि रस्त्यावरून दुकानात शिरणारी गुलाबी सॅटिनच्या झग्यातली एक बाई, पाठमोरी. पॅरिसचे लोक ती पाटी बघायला रस्त्यात उभे राहायचे. पंधरा दिवसांत कुणीतरी विकत घेऊन गेलं. यावर पपा पोट धरून हसायचे. "पंधरा दिवस फक्त! माझा टायरवाल्याचा बोर्ड सहा वर्षं झाली, उन्हात आहे."

त्याच्यावर त्यांचा एकच राग होता. तो ब्रश धूत नसे. तेलाचं भांडं आठवडाआठवडा तेच, धुळीने आणि रंगाने बरबटलेलं, आणि काम पटकन सरकावं म्हणून तेल सढळ हाताने. मादाम म्हणायची, म्हणून त्याची चित्रं काळवंडली, तडकली. "घाई होती त्याला," पपा ब्रश पुसत म्हणायचे, "पण म्हणून काय."

त्याचा एक शिष्य होता, त्याच्याच गावचा. फ्रेंचने त्याला काही दिवस ठेवून घेतलं आणि मग हाकलून दिलं. का, ते मादामने सांगितलं नाही की पपांना कळलं नाही, कोण जाणे. मरायच्या आधी मात्र त्याने त्याला गावाबाहेरच्या घरी बोलावून घेतलं. माझी चूक झाली म्हणाला. एक महिनाभर त्याला समोर बसवलं आणि हातात होतं नव्हतं ते सगळं दिलं. तो शिष्य पुढे जन्मभर सांगत राहिला म्हणे, मला जे येतं ते त्या महिन्यातलं. ही गोष्ट पपांनी मला दोनतीनदाच सांगितली. हसण्यासारखं तिच्यात काही नव्हतं.

मी बावीस वर्षांची असताना छपाईच्या एका कंपनीत लागले. कॉम्प्युटरवर अक्षरं काढायची आणि मशीन ती रंगीत प्लॅस्टिकच्या कागदातून कापून द्यायचं. एका शुक्रवारी मी त्यातली एक पट्टी पपांना दाखवायला घेऊन गेले. खरं सांगायचं तर कौतुक करून घ्यायला घेऊन गेले होते. त्यांनी ती पत्र्यावर लावली, अंगठ्याने गुळगुळीत केली, कडेवरून नख फिरवून बघितलं. म्हणाले, "छान आहे. एकदम सरळ." मग त्यांनी माझ्या अंगावरचा त्यांचा जुना शर्ट काढून घेतला, घडी घातली आणि म्हणाले, "उद्यापासून तू इकडे येऊ नको, बाय. तुझा वेळ जातो."

ते रागावून म्हणाले असते तर मी भांडले असते. पण ते रागावलेले नव्हतेच. मी गेले नाही, तीन वर्षं. एकाच घरात राहून, एकाच टेबलावर जेवून, मी शेडबद्दल विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

मोहन अंकलचा बोर्ड त्या तीन वर्षांतला, अगदी शेवटचा. पपांना तेव्हा खोकला लागला होता. मी तो बोर्ड रंगताना पाहिला नाही. आईकडून कळायचं, आज सकाळी जाऊन आले, अकराच्या आत परत आले. आठ सकाळींत झालं का, असं मी आईला विचारायला लावलं, तर उत्तर आलं, अकरा लागल्या, फ्रेंच माझ्यापेक्षा तरुण होता. बोर्ड लागल्यावर मी ऑफिसमधून परस्पर जाऊन पाहिला. झग्याची साडी झाली होती, डोक्यावर पदर आला होता, बाकी ती डिसेंबरचीच बाई. अंकल आधी घाबरले होते म्हणे, दुकानावर बाईचं चित्र चालेल का. पपांनी त्यांना सांगितलं, चेहराच नाही तर हरकत कुणाची? बाजूला अरबीत मोठं अक्मिशा, म्हणजे कापडं. त्या शब्दावर सात टिंबं येतात. मी रस्त्यात उभी राहून मोजली. सातही बरोबर होती, आणि मला इतकं वाईट वाटलं की मी तशीच घरी गेले.

मग शेड दुसऱ्या कुणाला गेली, व्हिसा संपला, आणि चांगल्या हवेत बरं वाटेल म्हणून आईपपा वसईला परतले. मी इथेच राहिले, लग्न झालं, रिया झाली. पपा फोनवर हवापाण्याचं बोलायचे, केळीचं, विहिरीचं. मोहन अंकलशीही त्यांचं फोनवर बोलणं व्हायचं. दहाएक वर्षं अशी गेली.

त्या ऑक्टोबरात त्यांचा फोन आला तो ऑफिसच्या वेळात. कधी करत नसत, म्हणून मी मीटिंगमधून बाहेर येऊन घेतला. दम लागल्यामुळे ते तुकड्यातुकड्याने बोलत होते. "बाय, एक महिना ये. सुट्टी मिळत असेल तर. तुला मी नुसती टिंबं दिली. बाकी काहीच दिलं नाही."

मी म्हटलं, "असं काय पपा."

"गुलाबी राहिलंय. चुण्यांचं. ते सांगून नाही कळत, बाजूला बसून करावं लागतं. हात आहे अजून."

आमच्याकडे वर्षअखेरीची धावपळ सुरू होती. रियाची पहिलीची परीक्षा होती. ही कारणं खरी आहेत, मी ती नंतर अनेकदा तपासून पाहिलीत. मी म्हटलं, "इन्शाल्ला पपा, पुढच्या महिन्यात नक्की."

इथे राहिलेल्या माणसाला इन्शाल्लाचा अर्थ सांगावा लागत नाही. गिऱ्हाइकाने पैसे उद्या देतो इन्शाल्ला म्हटलं की पपा रंगाचे डबे आवरायला लागायचे. तीस वर्षं त्यांनी तो शब्द ऐकला होता. तो मी त्यांना म्हटला.

दोन आठवड्यांनी पुन्हा फोन आला. "तिकीट काढलंस?"

"बघते ना, पपा. या आठवड्यात जरा..."

"बरं," ते म्हणाले. "खलास."

मी बरं म्हणून फोन ठेवला आणि कामाला लागले. दुबईत दिवसातून पन्नासदा आपण खलास म्हणतो. झालं, ठरलं, चालेल, काळजी नको, पुढचं बघ. टॅक्सीवाला म्हणतो, बॉस म्हणतो, रियाच्या शाळेतली बाई म्हणते. पपांनी तो शब्द इथूनच नेला होता. मला वाटलं, समजून घेतलं त्यांनी. मला हायसं वाटलं, हेही सांगितलं पाहिजे.

पण ते तेव्हा दुबईत नव्हते. वसईच्या घरात खाटेवर होते आणि आई शेजारी पेज घेऊन उभी होती. तिने तो शब्द मराठीत ऐकला. नंतर तिने मला सांगितलं, फोन ठेवल्यावर ती त्यांच्यावर केवढी ओरडली, तिन्हीसांजेला असलं अभद्र तोंडातून काढू नका म्हणून. पपा नुसते हसले. कुठल्या भाषेत बोलले होते ते त्यांनी तिलाही सांगितलं नाही. नवव्या दिवशी ते गेले. मी पोचले ती थेट चर्चमध्ये. त्यांच्या उजव्या हाताच्या नखात रंग नव्हता, मला ते हात कुणा दुसऱ्याचेच वाटले.

या महिन्यात मी इनॅमलचे डबे आणले. कुणाला न सांगता बाल्कनीत पुठ्ठा मांडला आणि चुण्या काढायला बसले. कंपनीत मी पंधरा जणांना डिझाइन शिकवते. पडद्यावर मी तशी साडी अर्ध्या तासात करून देईन, फोटोसारखी. ब्रशने होत नाही. गुलाबी ओला असतानाच त्यात पांढरा ओढायचा, इतकं मला दिसतं, पण केव्हा आणि किती जोराने, ते मला ठाऊक नाही. कधी चिखल होतो, कधी नुसते पट्टे उठतात. सव्वीस पुठ्ठे झाले. सत्ताविसावा मी घेतला नाही.

"मम्मा, इट्स ऑलमोस्ट ट्वेल्व्ह," रिया म्हणाली. आम्ही उठलो.

दुकानासमोर शिडी लावलेली होती. बोर्ड उतरवायला आणलेला माणूस तिच्या खालच्या पायरीवर बसून चहा पीत होता. मोहन अंकल खूप म्हातारे झालेत. त्यांनी मला बघितलं आणि काठी टेकत बाहेर आले, मागे त्यांचा मुलगा.

"आओ बेटा, आओ. ये तुम्हारी लड़की? बिलकुल नाना पे गई है." मग मुलाकडे वळून म्हणाले, "देख, मैं बोला था ना, आएगी."

मी मनात वाक्य तयार करून आणलं होतं. अंकल, मुझे नहीं आता. मैंने कभी सीखा ही नहीं. तीनचार शब्द काढलेही. "अंकल, मुझे एक बात..."

"अरे सुनो तो पहले," ते म्हणाले. "इसको मैं कब से समझा रहा हूँ, मानता नहीं. बोलता है, पापा, आजकल हाथ से कौन करता है. मैं बोला, पेंटर की लड़की करती है. पेंटर ने खुद मुझे फोन पे बोला था."

"क्या बोला था?" मी विचारलं.

"जाने के तीन-चार दिन पहले की बात है. साँस नहीं ली जा रही थी उससे, लेकिन इतना खुश. बोला, शेठ, मेरी बाय आई है दुबई से. पूरे महीने के लिए. बाजू में बैठी है, गुलाबी सीख रही है. बोला, मुझसे भी हलका हाथ है उसका. आपका बोर्ड कभी खराब हो तो फिकर नहीं करना, वो है उधर."

गल्लीत कुणीतरी शटर वर केलं. मी बोर्डाकडे पाहिलं नाही. रिया माझ्याकडे बघत होती. तिला तो ऑक्टोबर आठवत नाही, पण तिची आई वसईला केव्हा पोचली ते तिने घरात शंभरदा ऐकलंय.

"मम्मा, बट यू नेव्हर..."

मी तिचा दंड धरला आणि दाबला.

अंकलच्या मुलाने विचारलं, "तो दीदी, कर देंगी आप?"

नाही येत म्हटलं असतं तर सुटले असते. पण मग पपा शेवटच्या दिवसांत या माणसाशी खोटं बोलले होते असं झालं असतं, तेही श्वास पुरत नसताना, माझ्यासाठी.

"हाँ अंकल, गई थी मैं," मी म्हटलं. "पूरा महीना थी. सब सिखाया उन्होंने."

"तो फिर?"

"मैंने छोड़ दिया. इतने साल में हाथ से निकल गया. अब नहीं होता."

मोहन अंकल माझ्याकडे बघत राहिले. एवढं मिळालेलं घालवणाऱ्या माणसाकडे जसं बघतात तसं. त्यांना माझा राग आला होता, आणि तो लपवण्याइतके ते सभ्य होते. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला नाही. काठी फिरवून ते शिडीवाल्याकडे वळले आणि म्हणाले, "उतार दो."